कॅबिनेट म्हणजे नुसता डबा नव्हे!

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पोत, काठ, पदर सगळं निरखतो. पण कॉम्प्युटर जोडून घ्यायचा म्हटलं की कॅबिनेट मात्र 'दुकानदार देईल ते'! आमच्या बचत गटातल्या एकीच्या लेकीने यंदा सुटे भाग आणून स्वतःच कॉम्प्युटर जोडायचं ठरवलं. पैसे आईच्या भिशीचे, तेव्हा दुकानात मीही गेले.

पोरगी समोरच्या काचेला आणि रंगीत दिव्यांना भुलली. मी म्हटलं, "अगं, समोर सगळी बंद काच, हवा आत शिरणार कुठून?" आतले भाग तापतात, म्हणून पुढे जाळी हवी. त्यामागची धूळ अडवणारी गाळणीही काढून धुता यायला हवी. आपल्याकडचा फुफाटा काय सांगायचा! पत्रा अंगठ्याने दाबून बघा, लवला तर नको. आतल्या कडा दुमडलेल्या हव्यात, नाहीतर जोडताना बोटं कापतात. मदरबोर्डचं मापही विचारा. मायक्रो-एटीएक्स असतो 244 मिलिमीटर चौरस, एटीएक्स 305 बाय 244. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, उलटं नाही.

खरी मेख पुढेच. स्वस्त कॅबिनेटसोबत बिननावाचा पॉवर सप्लाय 'फुकट' देतात. तो बिघडला तर मदरबोर्डही जाऊ शकतो! आम्ही दिव्यांचे पैसे वाचवून चांगल्या कंपनीचा सप्लाय वेगळा घेतला.

कॅबिनेट लोखंडी, म्हणून वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतलं आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवलं.