स्कूटर आपली, चुंबक कोणाचं?

सध्या घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो: पुढची गाडी पेट्रोलची घ्यायची की इलेक्ट्रिक? उधना, डिंडोली, लिंबायतहून रोज कामावर जाणाऱ्यांचा पेट्रोलचा हिशोब तोंडपाठ असतो. त्यामुळे चर्चा रेंज, बॅटरी आणि सबसिडीवर येऊन थांबते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कुठलीही सिस्टीम तपासताना पहिला प्रश्न असतो, यातली कोणती एक गोष्ट बंद पडली तर सगळंच ठप्प होईल? हाच प्रश्न इलेक्ट्रिक स्कूटरला विचारला, तर उत्तर तिच्या मोटरमध्ये सापडतं.

विजेची बाजू आपल्याकडे भक्कम आहे. जी तापी भुसावळजवळून वाहत येते, तिच्यावरच उकाईचं धरण आणि ३०० मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे. काकरापारला स्वदेशी बनावटीच्या ७०० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या आहेत. त्यांतून २०२३ आणि २०२४ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. गुजरात सरकारने जून २०२१ मध्ये इलेक्ट्रिक वाहन धोरण जाहीर केलं आणि दुचाकीला २० हजार रुपयांपर्यंत सबसिडी दिली. सुरतेच्या रस्त्यांवर इलेक्ट्रिक सिटी बस धावतात, हे तर आपण रोज पाहतो.

आता मोटरकडे वळू. बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमध्ये निओडायमियम, लोह आणि बोरॉन यांचं कायमस्वरूपी चुंबक असतं. मोटर तापली की चुंबकाची ताकद कमी होऊ लागते. ती टिकावी म्हणून त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम थोडं मिसळतात. यांतली निओडायमियम, डिस्प्रोसियम आणि टर्बियम ही 'रेअर अर्थ' म्हणजे दुर्मिळ मृदा गटातली मूलद्रव्यं. एका स्कूटरला लागणारं चुंबक किलोभरही नसतं. पण जगातली अशी सुमारे ९० टक्के चुंबकं चीनमध्ये बनतात.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने मोठे आयातकर जाहीर केले. दोनच दिवसांत, ४ एप्रिलला, चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. भांडण दोन महासत्तांचं होतं, पण परवान्याची अट सगळ्या देशांना लागू झाली. भारतीय कंपन्यांचे अर्ज महिनोन्महिने पडून राहिले. जुलैमध्ये बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं, असा इशारा दिला. ज्या 'चेतक'साठी आपल्या आजोबांच्या पिढीने वर्षानुवर्षं नंबर लावला, त्याच नावाची नवी स्कूटर एका छोट्या चुंबकापायी अडण्याची वेळ आली. कंपनीने पुढे पुरवठ्याची जुळवाजुळव केली, पण ऐन सणासुदीच्या तोंडावर ओढाताण झालीच.

'दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ' ही म्हण आपण शाळेत शिकलो. सुरतेचा अनुभव मात्र उलटा आहे. रशियावरच्या निर्बंधांत २०२४ पासून जी-७ देशांनी रशियन हिऱ्यांना दार बंद केलं, तेव्हा झळ वराछा-कतारगामच्या घंटीवर बसलेल्या कारागिराला लागली. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लावला, तेव्हाही तेच.

आपल्यापेक्षा लहान देशांची तारांबळ तर याहून मोठी. नेपाळचंच पाहा. २०१५ मध्ये सीमेवर मालवाहतूक अडली आणि तिथे पेट्रोल-गॅससाठी रांगा लागल्या. इंधन भारतातून येतं, वीज मात्र घरच्या नद्यांची. म्हणून नेपाळने इलेक्ट्रिक गाड्यांवरचा कर कमी ठेवला. आज तिथे आयात होणाऱ्या दहा प्रवासी गाड्यांपैकी सातहून अधिक इलेक्ट्रिक असतात. टाटाच्या गाड्याही तिथे विकल्या जातात, पण बाजारात जोर बीवायडीसारख्या चिनी कंपन्यांचा. इंधनासाठी एका शेजाऱ्यावर भिस्त होती, ती गाड्यांसाठी दुसऱ्यावर गेली. तरी एक फरक आहे: पेट्रोल रोज लागतं, गाडी एकदा आली की घरच्या विजेवर वर्षानुवर्षं चालते.

आपल्याकडे उपाय नाहीत असं नाही. केरळ, तामिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरच्या वाळूत ही मूलद्रव्यं आहेत. आयआरईएल ही सरकारी कंपनी १९५० पासून या क्षेत्रात आहे. कमतरता आहे ती खनिजापासून चुंबकापर्यंतच्या कारखान्यांची. त्यासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली; वर्षाला ६,००० टन चुंबकं बनवण्याची क्षमता उभारणं हे तिचं लक्ष्य. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणा हवं तर, पण खणायला सुरुवात तरी झाली.

दुसरा उपाय आपल्या अगदी ओळखीचा आहे. पांडेसरा-लिंबायतचे लूम ज्या इंडक्शन मोटरवर चालतात, तिच्यात कायमस्वरूपी चुंबक नसतंच. तेवढ्याच ताकदीला ती आकाराने मोठी आणि वजनाने जड पडते, विजेचा वापरही थोडा जास्त. त्यामुळे स्कूटरमध्ये ती मागे पडली. साध्या फेराइट चुंबकाच्या मोटरवरही आता भारतात काम चालू आहे. रेंज थोडी कमी पण सुटा भाग हमखास मिळणार, असा सौदा उद्या फायद्याचा ठरू शकतो.

मग आज इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी का? रोजची धाव ठरलेली असेल आणि घरी चार्जिंगची सोय असेल, तर जरूर घ्यावी. फक्त शोरूममध्ये रेंजबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा: मोटर आणि कंट्रोलर इथे दुरुस्त होतो का, आणि वॉरंटीनंतर बॅटरी कितीला पडेल? इंजिनिअरिंगला असलेल्या आपल्या मुलामुलींना तर मी आवर्जून सांगेन की कोडिंगच्या गर्दीत मोटर डिझाइन, धातुशास्त्र आणि बॅटरी रिसायकलिंग या वाटाही पाहा. ज्या शहरात मोटरचं वाइंडिंग करणारे हात गल्लोगल्ली आहेत, तिथे या विद्येला काम कमी पडणार नाही.