आधी बोलू द्या, मग लिहायला सांगा

‘घरात नुसती टकळी चालू असते हो, पण निबंधाला बसवलं की दोन ओळींपुढे गाडी सरकत नाही!’ तिसरी-चौथीतल्या मुलांच्या आयांची ही तक्रार शाळेत नेहमी कानी पडते. मग उपाय म्हणून गाइडमधला निबंध पाठ करून घेतला जातो. मूल तो घडाघडा म्हणतं, वहीत उतरवतं, मार्कही मिळवतं. पण घरात लाडकं मांजर असलेलं मूलसुद्धा आवडता प्राणी म्हणून गाईवरच लिहितं! आपण पाहतो, आपल्याला वाटतं, ते लिहिण्याजोगं नसतंच, अशी त्याची समजूत होऊन बसते. हे नुकसान प्रगतिपुस्तकात दिसत नाही, एवढंच.

लिहिण्याचं मूळ बोलण्यात आहे. वर्गात उपयोगी पडणाऱ्या काही युक्त्या इथे देते. घरीही त्या सहज करता येतील.

पिशवीतली वस्तू

कापडी पिशवीत किसणी, कुलूप, अडकित्ता, लोकरीचा गुंडा असं काहीबाही भरावं. एका मुलाने आत हात घालून, नाव न घेता, हाताला लागलेल्या वस्तूचं वर्णन करायचं. बाकीच्यांनी ओळखायचं. सुरुवातीला ‘ते असं असतं ना, असं...’ एवढंच येतं. मग इतर मुलं विचारतात, ‘टोचतं का? गार लागतं का? आईला लागतं की बाबांना?’ खरखरीत, गुळगुळीत, बोजड हे शब्द अशा वेळी हवेसे वाटतात, आणि हवे असताना मिळालेले शब्द लक्षात राहतात. सगळ्यांचं लक्ष पिशवीकडे असल्यामुळे बुजरं मूलही बोलून जातं.

मुलाने सांगावं, आपण लिहावं

न्यूझीलंडमधल्या शिक्षिका सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर माओरी मुलांना वाचायला शिकवताना प्रत्येकाला त्याच्या मनातला शब्द विचारत आणि तो कार्डावर लिहून देत. ‘आई’, ‘भूत’ असे जिव्हाळ्याचे किंवा भीतीचे शब्द मुलं चटकन ओळखत. १९६३ साली ‘टीचर’ या पुस्तकात त्यांनी ही पद्धत मांडली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा तिथेही मुलाच्या अंगणातल्या वस्तूंनाच शिक्षणात जागा मिळाली.

आपण एवढंच करावं. मुलाने पाच वाक्यं सांगायची, आपण ती त्याच्याच शब्दांत लिहायची आणि त्याने वाचून दाखवायची. स्वतःचीच वाक्यं असल्यामुळे ते फारसं अडखळत नाही. आठवड्याने शेवटचं वाक्य त्याच्याकडे सोपवावं, पुढे दोन, मग तीन.

बोलताना तोडू नका

‘मी बाजारात गेल्तो’ असं मूल म्हणालं की ‘गेल्तो काय? नीट बोल!’ असं आपण पटकन म्हणतो, आणि बाजाराची गोष्ट तिथेच संपते. त्याऐवजी ‘अस्सं! बाजारात गेला होतास? मग काय आणलंस?’ असं विचारावं. योग्य रूप कानावर पडतं आणि गोष्टही पुढे जाते.

घरच्या बोलीला तर कधीच हसू नये. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला हसलं, तर ते त्याच्या आईच्या बोलण्यालाच हसल्यासारखं असतं. एकदा मिटलेलं मूल पुन्हा बोलतं करणं फार कठीण. ‘घरी आपण पानी म्हणतो, पुस्तकात पाणी लिहितात’ एवढं सांगितलं तरी पुरतं. मुलं दोन्ही छान सांभाळतात.

शुद्धलेखन, पण बेताने

वहीचं पान लाल शाईने भरलं की मूल चुका टाळण्यासाठी कमीच लिहू लागतं. म्हणून एका आठवड्याला एकच नियम घ्यावा. उदाहरणार्थ, मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात: वही, पाटी, लाडू. ‘आणि’, ‘नि’ हे अपवाद. त्या आठवड्यात तेवढीच चूक दाखवावी. खाली शेऱ्याऐवजी एक प्रश्न लिहावा, ‘दूध सांडल्यावर मांजर कुठे लपलं?’ दुसऱ्या दिवशी उत्तराच्या दोन ओळी आपसूक वाढतात.

घरी काय करता येईल?

लिंबाचं सरबत मुलाने तोंडी सांगायचं आणि आपण सांगितलं तेवढंच करायचं. ‘लिंबू पिळ’ म्हणालं की अख्खं लिंबू पिळायला घ्यावं! ‘अगं आई, आधी काप ना!’ म्हणून ते हसत सुटतं. कशानंतर काय, हा लेखनातला क्रम अशा गमतीतून कळतो. मग तीच कृती त्याला लिहू द्यावी. वाण्याची यादीही त्याच्याकडून लिहून घ्यावी. आजीला मोबाइलवर बोलून पाठवलेला निरोप नंतर पत्रात उतरवायला सांगावा, आणि त्या पत्रातली एकही चूक काढू नये. आजीही काढणार नाहीत!

परीक्षा जवळ आली की पाठांतराचा मोह होतो, ते साहजिकच आहे. पण पाठ केलेला निबंध विषय बदलला की कामाला येत नाही. स्वतःचं सांगायची सवय लागलेलं मूल कुठल्याही विषयावर चार ओळी लिहील. रोज जेवताना दहा मिनिटं टी.व्ही. आणि मोबाइल बंद ठेवून त्याचं नुसतं ऐकून घ्या. सुरुवातीला एवढं पुरे.