अंग बाहेर येणे : उतारवयातील शस्त्रक्रिया व विश्रांती

गर्भाशय, मूत्राशय व गुदाशय हे अवयव ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या व बंधांच्या आधारावर राहतात. बाळंतपणे, जड ओझी, जुनाट खोकला आणि ऋतुनिवृत्तीनंतरची क्षीणता यांमुळे हा आधार सैल पडतो व अवयव योनिमार्गात उतरतात. लज्जेस्तव पुष्कळ स्त्रिया हे दुखणे वर्षानुवर्षे लपवितात; वस्तुतः त्यावर उपाय आहेत.

विकार सौम्य असल्यास स्नायूंच्या व्यायामाने आराम पडतो. योनीत आधारकडे बसवूनही भागते. शस्त्रक्रियेस केवळ वय आड येत नाही. मात्र हृदय, रक्तदाब व मधुमेह यांची तपासणी आधी करावी लागते. पुष्कळदा कमरेखालचा भाग बधिर करून, पोट न उघडता ती करता येते. गर्भाशय काढावेच लागते असेही नाही. ते राखून बंध घट्ट करण्याची पद्धत मँचेस्टर येथे १८८८ मध्ये सुरू झाली.

खरी कसोटी घरी परतल्यावर असते. वेदना लवकर ओसरतात, परंतु आतील ऊती बळकट होण्यास अवधी लागतो. म्हणून निदान सहा आठवडे भरलेली घागर उचलू नये, नातवंडास कडेवर घेऊ नये व मलावरोध होऊ देऊ नये. ताप, रक्तस्राव किंवा लघवी अडणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. पुढेही जड ओझी टाळावीत, कारण विकार पुन्हा उद्भवू शकतो. ही विश्रांती म्हणजे आळस नव्हे, उपचाराचाच भाग होय, हे घरातील सर्वांनी जाणले पाहिजे.