एका गावचे कपाट, आठ तालुक्यांचे वाचक

1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा महसुली दप्तरे, पोलिसांची ठाणी, जिल्हा परिषदेची खाती आणि कर्मचाऱ्यांच्या आस्थापना यांची वाटणी रीतसर हुकुमाने झाली. परंतु ज्या संचिताची अशी वाटणी करता येत नाही, किंबहुना करूही नये, ते ग्रंथांचे संचित मात्र खाडीपलीकडे जिथल्या तिथे राहिले. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी 1893 साली ज्याची मुहूर्तमेढ रोवली ते ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा 1864 पासून चालत आलेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय, या संस्था एके काळी साऱ्या अविभक्त जिल्ह्याच्या म्हणून अभिमानाने सांगितल्या जात. आज जव्हारच्या किंवा तलासरीच्या जिज्ञासू वाचकाच्या दृष्टीने त्या परजिल्ह्यातील झाल्या आहेत. राज्यकारभाराची सीमा ग्रंथाला लागू व्हावी काय, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. पण ग्रामीण प्रदेशातील वाचनाचा सारा प्रश्न मला त्यातच सामावलेला दिसतो.

पालघर जिल्ह्याची रचनाच अशी आहे की एका ठिकाणी उभारलेले मोठे ग्रंथालय सर्वांना पुरे पडणे शक्य नाही. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, विक्रमगड, वाडा, जव्हार आणि मोखाडा हे आठ तालुके. 2011 च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या सुमारे तीस लाख, आणि त्यांपैकी बारा लाखांहून अधिक एकट्या वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत. पश्चिमेस लोहमार्गाला लागून शहरे, बागायती आणि कारखाने. पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पसरलेले वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे. पश्चिमेच्याच पट्ट्यात बोईसर-तारापूर. 1969 साली तेथे देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले, पुढे शेजारीच विस्तीर्ण औद्योगिक वसाहत वाढली, आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेला कामगार तेथे स्थायिक होऊ लागला. बोईसरला हिंदी पुस्तकांची मागणी असणार, डहाणू-घोलवडच्या बागायती पट्ट्यात गुजराती पुस्तकांची, जव्हार-मोखाड्यात शालेय आणि स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकांची, तर किनाऱ्यावरील मांगेला वस्तीतील एखाद्या तरुणाला मत्स्यशास्त्रावरचा एकच ग्रंथ हवा असणार. या साऱ्या गरजा भागविण्याइतके ग्रंथ प्रत्येक गावाने विकत घ्यावेत अशी अपेक्षा करणे म्हणजे प्रत्येक घराने स्वतःची विहीर खणावी असे म्हणण्यासारखे आहे.

आपल्याकडे विचारी माणसांना ही गोष्ट फार पूर्वीच उमगली होती. पालघरच्या उत्तरेस, त्याच लोहमार्गावर, नवसारीचा मुलूख एके काळी बडोदे संस्थानचा होता. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि पुढील तीन वर्षांत त्यांनी संस्थानभर जी ग्रंथालयव्यवस्था रचली, तिचा सर्वांत दूरदृष्टीचा भाग म्हणजे फिरती ग्रंथालये. मजबूत लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरून ती खेड्यात पाठवायची, तेथील शिक्षकाने किंवा एखाद्या विश्वासू गृहस्थाने ती सांभाळायची, गावाने वाचून झाली की पेटी परत यायची आणि दुसरी निघायची, असा तो शिरस्ता होता. इंग्लंडमधील ग्रामीण ग्रंथालयांची दैन्यावस्था दाखविणारा प्राध्यापक ॲडम्स यांचा अहवाल 1915 साली प्रसिद्ध झाला, म्हणजे बडोद्याच्या पेट्या खेड्यांत पोहोचू लागल्यानंतर. हे ध्यानात घेतले म्हणजे फिरत्या ग्रंथांची कल्पना आपण इंग्लंडकडून उसनी आणली असे म्हणण्याचे कारण उरत नाही. पुढे 1931 साली तंजावर जिल्ह्यात मन्नारगुडी येथे बैलगाडीवरचे ग्रंथालय गावोगाव फिरू लागले, आणि त्याच वर्षी डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम ग्रंथरूपाने मांडले.

मुंबई इलाख्याने या दिशेने पाऊल टाकले ते 1939 साली. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मुंबईस मध्यवर्ती ग्रंथालय, भाषिक विभागांसाठी विभागीय ग्रंथालये, त्यांखाली जिल्हा, तालुका आणि शेवटी गाव अशी चढती-उतरती रचना या समितीने सुचविली. अशा रचनेचे मर्म पायऱ्यांत नसून पायऱ्यांवरून होणाऱ्या ये-जेत असते: खालच्या ग्रंथालयाजवळ जो ग्रंथ नाही तो त्याने वरच्याकडे मागावा आणि वरच्याने तो पाठवावा. परंतु महायुद्ध सुरू झाले, नोव्हेंबर 1939 मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि अंमलबजावणी स्वातंत्र्यापर्यंत लांबणीवर पडली. खेरांचे ठाणे जिल्ह्यातील आदिवासींशी असलेले ममत्व ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या विलंबाचे वाईट वाटल्यावाचून राहणार नाही. ज्या पाड्यांसाठी ही योजना सर्वाधिक उपकारक ठरली असती ते त्यांच्या नजरेसमोरच होते.

त्यानंतर महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 साली संमत झाला. राज्यातील हजारो शासनमान्य ग्रंथालये या अधिनियमाच्या आधाराने उभी आहेत, आणि लोकांनी चालवावे व शासनाने अनुदान द्यावे हे तत्त्व आपल्या समाजाच्या प्रकृतीस मानवणारे आहे, याविषयी मला संशय नाही. अडचण आहे ती अनुदानाच्या मोजपट्टीत. ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ हा दर्जा मुख्यत्वे ठरतो तो ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके, कामाचे तास, सेवकवर्ग या गोष्टींवरून. आपल्या कपाटातले किती ग्रंथ शेजारच्या गावी गेले आणि शेजारचे किती आपल्याकडे आले, या मोजमापाने कोणाचा दर्जा वाढत नाही. ज्याचे मोजमाप होते तेच कार्यकारी मंडळाच्या बैठकीत पटलावर येते. त्यामुळे प्रत्येक वाचनालय आपापल्या तुटपुंज्या रकमेत तीच ती लोकप्रिय पुस्तके घेते. एकाच तालुक्यात एका कादंबरीच्या डझनभर प्रती साठतात, आणि भातावरील रोगांची माहिती देणारे किंवा वनहक्क कायदा समजावून सांगणारे पुस्तक कोणाकडेच नसते.

दुसरी अडचण कोणी मोकळेपणाने सांगत नाही, पण ग्रंथपालाच्या मेजाजवळ घटकाभर बसले की ती कळते. नवे पुस्तक आले की प्रथम ते दाखल रजिस्टरात चढते. अनुक्रमांक, दिनांक, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, किंमत, बिलाचा क्रमांक असे रकाने भरले जातात. मुखपृष्ठामागच्या पानावर संस्थेचा शिक्का उमटतो, आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर, जे त्या ग्रंथालयाचे गुप्त पान असते, तोच शिक्का व दाखल क्रमांक पुन्हा पडतो, म्हणजे पहिली पाने फाडून कोणी पुस्तक आपले म्हणू लागला तरी मालकी सिद्ध व्हावी. ही सारी काळजी योग्यच आहे. पण तिचा दुसरा अर्थ असा की रजिस्टरातील प्रत्येक ओळ ही ग्रंथपालाच्या शिरावरची जोखीम असते. वार्षिक पडताळणीत पुस्तक भरले नाही तर जाब त्याला द्यावा लागतो, निर्लेखनाची मंजुरी मिळविण्याचा खटाटोप त्याला करावा लागतो, आणि हे सर्व अत्यल्प मानधनावर. अशा माणसाने पंचवीस कोसांवरच्या अनोळखी वाचनालयास पुस्तक पाठविण्याचे साहस करावे, ही अपेक्षा शासनाने त्याच्या पाठीशी उभे राहिल्याखेरीज करता येणार नाही. देवघेवीत गहाळ होणाऱ्या ग्रंथांची काही मर्यादेपर्यंत भरपाई जिल्हा पातळीवरील निधीतून होईल, एवढी एक हमी जरी लेखी मिळाली तरी कितीतरी कपाटांची कुलुपे सैल होतील.

हे स्वप्नरंजन नव्हे, हे दाखवून देणारा प्रयोग शेजारच्याच नाशिक जिल्ह्यात झाला आहे. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरचा घाटरस्ता धरला की ज्या शहरात आपण पोहोचतो, तेथील कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या वतीने विनायक रानडे यांनी 2009 पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम चालविला. शंभर ग्रंथांची एक पेटी, ती सांभाळणारा एक समन्वयक, त्याच्याभोवती वाचकांचा एक गट; ठरलेल्या मुदतीनंतर या गटाची पेटी त्या गटाकडे आणि त्याची याच्याकडे. कारागृहांत, रुग्णालयांत, वसाहतींत आणि पुढे दुबईसारख्या परदेशातील मराठी कुटुंबांतही या पेट्या गेल्या. याचे गणित साधे पण विलक्षण आहे: दहा गटांजवळ दहा पेट्या असतील आणि त्या एकमेकींशी बदलत राहिल्या, तर शंभर पुस्तकांच्या किमतीत प्रत्येक गटाला कालांतराने हजार पुस्तके वाचावयास मिळतात. बडोद्याच्या लाकडी पेटीतही हेच गणित होते. फक्त बडोद्यास ते संस्थानच्या खजिन्याच्या बळावर चालले आणि नाशिकला देणगीदारांच्या व समन्वयकांच्या.

पेटीने सर्व प्रश्न सुटत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. पेटी ही सर्वसामान्य वाचकाची सोय आहे. विशिष्ट ग्रंथाच्या शोधात असलेल्याला प्रथम हे कळावे लागते की तो ग्रंथ आहे कोठे. शं. ग. दाते यांनी 1800 पासून पुढच्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध करण्यासाठी आयुष्य वेचले, तिचा पहिला खंड 1943 साली आणि दुसरा 1961 साली प्रसिद्ध झाला. एका व्यक्तीने एवढे केले, तर एका जिल्ह्यातील वाचनालयांनी आपल्या रजिस्टरांची मिळून एक संयुक्त सूची करणे कठीण नाही. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही संगणकप्रणाली शासकीय ग्रंथालयांसाठीच तयार झालेली आहे. प्रारंभी सर्व ग्रंथांची नोंद होण्याची वाट न पाहता, प्रत्येक वाचनालयाने आपल्याजवळची फक्त दुर्मिळ, स्थानिक आणि ललितेतर पुस्तके नोंदवावीत, कारण देवघेवीची खरी गरज त्यांचीच असते. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ किंवा कोसबाड-बोर्डी येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी उभारलेल्या बालशिक्षणाच्या कार्यावरील साहित्य या जिल्ह्यात कोणत्या गावी आहे, हे जिल्ह्याच्या वाचकाला घरबसल्या कळावे, एवढी माफक मागणी आहे.

महाविद्यालयांचे जग याबाबतीत बरेच पुढे गेले आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘एन-लिस्ट’ योजनेतून सदस्य महाविद्यालयांना सहा हजारांहून अधिक संशोधन-नियतकालिके पडद्यावर वाचता येतात, आणि सामायिक करारामुळे प्रत्येकावर पडणारा भार अल्प असतो. मात्र या कराराचा लाभ महाविद्यालयाच्या विद्यार्थी-अध्यापकांपुरता. शिक्षण संपवून बोईसरच्या कारखान्यात लागलेल्या रसायनशास्त्राच्या पदवीधराला तो दरवाजा बंद होतो. कोणा एका संस्थेचा यात दोष नाही. पण सार्वजनिक ग्रंथालयांनी सामायिक खरेदीचा हाच मार्ग चोखाळावा असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

आता वाहतूक. ग्रंथ हलवायचा तर खर्च येतो, आणि या खर्चाच्या भीतीने चांगल्या योजना फाईलबंद राहतात. पण पालघर जिल्ह्याजवळ साधनांची वाण नाही. 2013 पासून उपनगरी गाड्या थेट डहाणूपर्यंत धावतात, एस.टी.ची पालघर, बोईसर, सफाळे, डहाणू, जव्हार ही आगारे साऱ्या डोंगरपट्ट्याला जोडतात. आणि शाळांत पुस्तके, आहारसामग्री, प्रश्नपत्रिका पोहोचविणारी यंत्रणा तर आधीपासूनच पाड्यापाड्यांपर्यंत जाते. टपाल खात्याने 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सवलतीची सेवा सुरू केली, तिच्यात तीनशे ग्रॅमपर्यंतचे पुस्तक वीस रुपयांत आणि पाच किलोपर्यंतचा गठ्ठा शंभर रुपयांत, करांखेरीज, देशात कोठेही जातो, आणि तो कोठवर पोहोचला हेही कळते. म्हणजे पाच किलो पुस्तके ठाण्याहून मोखाड्यास पाठविण्याचा खर्च एका नव्या मध्यम कादंबरीच्या किमतीहूनही कमी आहे. अपुरे आहे ते कोणी कोणास, कोणत्या पावतीवर, किती दिवसांसाठी द्यावे याचे ठरलेले नियम, आणि ते पाळले जात आहेत की नाही हे पाहणारा अधिकारी.

एक गोष्ट मात्र या प्रदेशाची स्वतःची आहे आणि बाहेरच्या कोणत्याही नमुन्यात ती सापडणार नाही. जव्हार-मोखाड्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर गाव सोडून वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, आणि पावसाळ्याच्या तोंडी शेतीसाठी परततात. येथे ग्रंथ वाचकाकडे नेण्याचा विचार पुरा पडत नाही, कारण वाचकच फिरता आहे. ज्या मुलाचे नाव पाड्याजवळच्या वाचनालयात नोंदलेले आहे, तो सहा महिने दुसऱ्याच तालुक्यात असतो. त्याची अनामत येथे, त्याचे पुस्तक येथे, आणि तो तेथे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली होती. त्याच भूमीत वाचनालयाचे सभासदत्व गावापुरते बांधून ठेवणे मला अन्यायाचे वाटते. जिल्ह्यात कोठेही काढलेले बालसभासदाचे ओळखपत्र जिल्ह्यातील, आणि भिवंडीपुरते बोलायचे तर ठाणे जिल्ह्यातीलही, प्रत्येक शासनमान्य ग्रंथालयाने ग्राह्य धरावे, अनामतीची अट बालवाचकांसाठी काढून टाकावी, आणि वसईच्या भट्टीजवळ घेतलेले पुस्तक मोखाड्यात परत करण्याची मुभा द्यावी. त्यासाठी ना नवी इमारत लागते, ना नवा कायदा. ग्रंथालय संचालनालयाचे एक परिपत्रक आणि दोन जिल्ह्यांच्या ग्रंथालय अधिकाऱ्यांची एक बैठक पुरेशी आहे, आणि ती दिवाळीपूर्वी झाली तर या हंगामात निघणारी मुले आपले ओळखपत्र बरोबर घेऊन निघू शकतील.