मधुमेह घराण्यातच आहे, मग चालून काय उपयोग?

चार महिन्यांपूर्वी एक शिक्षक दवाखान्यात आले. वय पंचेचाळीस, उपाशीपोटीची साखर १६८. गोळ्यांबरोबर मी रोज चालायला सांगितले, तेव्हा ते खिन्नपणे हसले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आजोबांना मधुमेह होता, वडिलांना होता. वडिलांचा अंगठा कापावा लागला, तुम्हाला ठाऊकच आहे. जे रक्तातच आहे, ते चालून थोडेच जाणार?"

त्यांच्या वडिलांवर मीच उपचार केले होते. त्यामुळे हा प्रश्न मनाला लागला.

आनुवंशिकता खरीच आहे. पण जनुके म्हणजे घरातली जुनी पोथी समजा. तिची अक्षरे बदलत नाहीत, मात्र पाने एकमेकांना चिकटली तर ती वाचता येत नाहीत. शरीरात 'मिथिल' नावाचे लहानसे रासायनिक गट जनुकांवर चिकटतात आणि बहुधा त्यांचे काम मंदावते. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधील संशोधकांना २००९ साली टाइप २ मधुमेहींच्या स्नायूंत, ऊर्जेच्या वापराशी संबंधित एका महत्त्वाच्या जनुकावर असे गट जास्त आढळले. तेथेच २०१२ साली बैठे काम करणाऱ्या निरोगी तरुणांना सायकल चालवायला लावली. एकाच व्यायामानंतर अशा काही जनुकांवरील मिथिल कमी झाले. व्यायाम जोराचा तर बदलही अधिक. २०१३ साली लुंड विद्यापीठाने व्यायामाची सवय नसलेल्या पुरुषांना सहा महिने व्यायाम दिला. आठवड्यातून सरासरी दोनदाही त्यांना जमले नाही, तरी चरबीतील सुमारे ७ हजार जनुकांवरच्या खुणा बदलल्या.

ही माणसे निरोगी होती, हे लक्षात ठेवावे. व्यायामाने मधुमेह समूळ जातो असा याचा अर्थ नाही. पण काम करणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही रक्तातील साखर ओढून घेतो, हे पक्के आहे. हा लाभ एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून सलग दोन दिवस खाडा नको.

आठवड्यात निदान १५० मिनिटे भरभर चालावे. अनवाणी चालू नये. घरी परतल्यावर तळपाय पाहावेत. इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखर ठेवावी. घाम, थरथर, चक्कर जाणवताच ती खावी. छातीत दुखल्यास थांबून लगेच डॉक्टरांना गाठावे. हृदयविकार, डोळ्यांच्या पडद्याचा त्रास किंवा पायाला जखम असल्यास आधी विचारावे. औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

गेल्या आठवड्यात ते शिक्षक पुन्हा आले. साखर १२४. गोळ्या चालूच आहेत. दवाखान्यापर्यंत ते चालत आले होते आणि बरोबर कॉलेजात जाणारा मुलगा होता. म्हणाले, "माझे राहू द्या डॉक्टर, आता याला चालायची सवय लावतोय."

घराण्याचा वारसा असाही देता येतो.