थंडीच्या दिवसांत भाजीपाल्याची रोपे

श्रोतेहो, आपल्या बेळगाव-निपाणी भागात बर्फ पडत नाही. तेव्हा बर्फाळ मुलखातील भाजीपाल्याशी आपला काय संबंध, अशी शंका कोणास येणे स्वाभाविक आहे. परंतु बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. येथे सैनिकी शिक्षण घेतलेल्या जवानांवर हिमालयाच्या सरहद्दीवर हिवाळा काढण्याची वेळ येते, आणि त्यांच्या ताटात ताजी भाजी कशी पडते, हा प्रश्न मग आपल्याही घरचा होतो.

लडाखमधील लेह हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. कडाक्याच्या थंडीत तेथील उष्णतामान शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरते. अशा ठिकाणी भाजी पिकविण्याचा मार्ग शोधण्यासाठी १९६२ मध्ये संरक्षण खात्याची संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. जमिनीत चर खोदावयाचा आणि त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचे आच्छादन घालावयाचे, ही तेथील एक सुटसुटीत युक्ती. दिवसा उन्हाची ऊब आत शिरते आणि चराच्या मातीच्या भिंती ती रात्री धरून ठेवतात. लेहचा उन्हाळा अवघा चार-पाच महिन्यांचा. तो सुरू झाल्यावर टोमॅटोचे बी उघड्यावर टाकले, तर फळे पुरती तयार होण्याआधीच थंडी परत येते. म्हणून बाहेर गारठा असतानाच आडोशाला रोपे वाढवितात. रोपाचे बालपण असे आडोशाला गेले की शेतकऱ्याच्या पदरात महिना-दीड महिना जादा पडतो.

हाच हिशेब आपल्यालाही लागू आहे. चैत्र-वैशाखात, लग्नसराईच्या ऐन भरात, टोमॅटो, वांगी आणि मिरची हाती यावयाची असेल, तर रोपे फेब्रुवारीत शेतात लागली पाहिजेत. त्यासाठी बी डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीच्या आरंभी टाकावे लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे रात्री गारठ्याच्या असतात.

थंडीत बीजाचे काय होते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. उन्हाळ्यात एका रात्रीत मोड येणारी मटकी पौषात दोन दोन दिवस रुसून बसते. मग ती फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवावी लागते. भाजीच्या बियांचेही तसेच. सुमारे २५ अंश सेल्सिअस उष्णतामानात टोमॅटोचे बी सहा-सात दिवसांत उगवते. १५ अंशांवर त्यालाच दोन आठवडे लागतात. मिरची तर त्याहून हट्टी; एरवी आठ-दहा दिवसांत उगवणारे तिचे बी १५ अंशांवर तीन आठवड्यांहूनही अधिक काळ मातीत पडून राहते. इतके दिवस ओल्या, थंड मातीत पडलेले बी बहुधा कुजते. बियाणे पुन्हा विकत आणता येईल. गेलेले तीन आठवडे कोणत्या दुकानात मिळणार?

यावर उपाय सोपा आहे. आठ-दहा सेंटिमीटर खोलीची लाकडी पेटी किंवा पसरट कुंडी घ्यावी आणि तिच्या तळाला भोके ठेवावीत. पोयट्याची माती, पुरते कुजलेले शेणखत आणि वाळू समभाग मिसळून चाळून भरावी. बी अर्धा सेंटिमीटर खोल, विरळ ओळींत पेरावे आणि पेटी घरातील उबदार कोपऱ्यात ठेवावी. ओल टिकण्यासाठी वरून भिजवून पिळलेले गोणपाट घालावे. मात्र पहिला कोंब दिसताच गोणपाट काढून पेटी उन्हात न्यावी. येथे एका दिवसाचाही आळस नडतो. अंधारात रोप उजेड शोधीत उंच, पांढुरके आणि किडकिडीत वाढते, आणि असे रोप पुढे कधीच सावरत नाही. दिवसा अंगणात व रात्री पडवीत, अशी पेटीची ने-आण करावी. खिडकीत ठेवणे भाग असेल, तर पेटी रोज फिरवावी.

या वयातील रोपांचा मोठा शत्रू म्हणजे मर. काल टवटवीत असलेली रोपे आज जमिनीलगत मऊ पडून आडवी होतात. हा जमिनीतील बुरशीचा रोग आहे, आणि दाट पेरणी, सतत ओली माती व कोंडलेली हवा ही त्याची आवडती परिस्थिती. म्हणून पाणी सकाळी, बारीक झारीने आणि बेताचेच द्यावे.

सह्याद्रीच्या पट्ट्यात भाताच्या तरव्याची जागा राब जाळून भाजण्याची रीत जुनी आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील डॉ. हॅरोल्ड मॅन व त्यांचे सहकारी यांनी तिचा अभ्यास करून १९१२ मध्ये तो प्रसिद्ध केला. राबाच्या उष्णतेने मातीतील तणांचे बी मरते आणि रोगाचा जोरही कमी होतो. धूर न करता हेच काम उन्हाकडून करून घेता येते. एप्रिल-मे महिन्यांत माती ओली करून ती पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे झाकून ठेवावी. अशी तापविलेली माती कोरडी करून साठविली, तर हिवाळ्यातील पेटीस ती उत्तम होय.

आडोशाचा आणखी एक लाभ आहे. फुलकिडे आणि पांढरी माशी यांच्या उपद्रवाने मिरची-टोमॅटोची पाने आकसतात. आपले शेतकरी त्यास बोकड्या म्हणतात. कोवळ्या वयात हा रोग जडला की झाड हातचे गेले, असेच समजावे. पेटीवर बारीक विणीची जाळी ताणून बांधली, तर ही बाधा पुष्कळ टळते.

रोपे शेतात नेण्यापूर्वी आठवडाभर पाणी हळूहळू कमी करावे आणि ती रात्रीही उघड्यावर राहू द्यावीत. एकदम शेतात गेलेले लाडावलेले रोप पहिल्याच उन्हात मान टाकते. टोमॅटोचे रोप सुमारे पाच आठवड्यांत, तर मिरचीचे सहा-सात आठवड्यांत लावणीस येते. लावणी सायंकाळी करावी. भेंडी, गवार, मुळा आणि गाजर यांना मात्र ही पद्धत मानवत नाही. त्यांचे बी शेतातच टोकावे.

श्रोतेहो, ही कला आपल्या भागास परकी नाही. तंबाखूच्या एक ग्रॅम बियांत दहा हजारांवर दाणे असतात. पावसाळ्याच्या आरंभी त्या धुळीसारख्या बियांचा तरवा टाकून, तो झोडपणाऱ्या पावसातून जगवून, पाऊस ओसरू लागताच शेतात लावण्याचे कसब निपाणीच्या शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या सांभाळले आहे. संकेश्वरच्या नामांकित मिरचीचे पीकही आधी रोपाच्या वाफ्यातच घडते. पावसात दाखविलेली ही दक्षता थंडीतही दाखवावयाची, एवढेच काय ते नवे. कोनाड्यातील एका पेटीने घरापुरती भाजी होईल. आणि लहान शेतकऱ्याची रोपे वेळेवर तयार असली, तर भाजीला भाव असतानाच त्याचा माल बाजारात उभा राहील.