पडद्यावर काय शिकता आले, काय राहून गेले? उदयनगर परिसराच्या निमित्ताने महामारीतील कार्यशिक्षणाचा वेध

मध्य प्रदेशातील देवास हे नाव मराठी वाचकाला पवार घराण्याच्या संस्थानांमुळे आणि कुमार गंधर्वांच्या दीर्घ वास्तव्यामुळे परिचित आहे. त्याच देवास जिल्ह्यात, विंध्याच्या रांगा आणि नर्मदेचे खोरे यांच्या दरम्यान वसलेला उदयनगरचा आदिवासीबहुल परिसर मात्र फारसा कोणाच्या ओळखीचा नाही. कोरडवाहू शेती आणि कामासाठी होणारे स्थलांतर हे येथील जीवनाचे जुने वास्तव. या भागात १९९० पासून ‘समाज प्रगती सहयोग’ ही संस्था पाणलोट विकासाचे काम करीत आहे. तिच्या नीमखेडा येथील प्रशिक्षण केंद्राला बाबा आमटे यांचे नाव देण्यात आले आहे. आनंदवनाच्या या संस्थापकाने नव्वदच्या दशकातील बराच काळ नर्मदेकाठी कसरावद येथे व्यतीत केला होता.

देशाच्या निरनिराळ्या भागांतील कार्यकर्ते येथे येऊन राहतात आणि पाणलोटाचे तंत्र शिकतात. हे शिक्षण केवळ वर्गात पूर्ण होत नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत टेकडी पायी उतरावी लागते. पाणी कोठून वाहते, माती कोठे वाहून जाते, दगडी बांध कोठे घालावा, हे उतारावर उभे राहून पाहावे लागते. समपातळी चर आखण्यासाठी ‘ए-फ्रेम’ नावाची लाकडी चौकट वापरतात. तिच्या मध्याशी टांगलेला ओळंबा खुणेवर स्थिरावला की चौकटीचे दोन्ही पाय एकाच पातळीवर आहेत, असे समजावे. हे वाक्य वाचायला काही क्षण पुरतात. प्रत्यक्षात वाऱ्याने ओळंबा हलतो, पायाखालचा मुरूम घसरतो आणि पहिली रेषा हमखास चुकते. जाणता माणूस शेजारी असेल, तरच ती वेळीच सुधारता येते.

मार्च २०२० मध्ये नेमकी हीच व्यवस्था बंद पडली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या शिक्षणाचे त्यानंतर काय झाले, हा प्रश्न उदयनगरपुरता मर्यादित नाही. गोव्यातील रुग्णालये, शाळा, औषध कारखाने आणि हॉटेले या सर्वांना तो तितकाच लागू पडतो.

प्रशिक्षण थांबले, काम वाढले

२४ मार्च २०२० च्या केंद्रीय आदेशाने शैक्षणिक संस्थांबरोबर प्रशिक्षण संस्थाही बंद झाल्या. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि अल्पमुदतीची कौशल्य केंद्रे पुन्हा सुरू करण्यास परवानगी मिळाली ती २१ सप्टेंबरपासून. दरम्यान सहा महिने लोटले होते.

या सहा महिन्यांत शिकण्याची गरज मात्र वाढत गेली. शहरांतून परतलेल्या मजुरांमुळे रोजगार हमीच्या कामांची मागणी प्रचंड वाढली. केंद्राने मे महिन्यात या योजनेसाठी ४० हजार कोटी रुपयांची जादा तरतूद केली आणि २०२०-२१ या वर्षात देशभर साडेसात कोटींहून अधिक कुटुंबांनी तिच्यावर काम केले. चर, बांध, शेततळी यांची आखणी करणाऱ्या माणसांची गरज सर्वाधिक होती, त्याच वेळी ती माणसे तयार करणारी निवासी प्रशिक्षणे अशक्य झाली होती. आरोग्यसेवेतही हाच पेच होता. आजार नवा होता, उपचारांचे नियम वरचेवर बदलत होते आणि ते लाखो कर्मचाऱ्यांपर्यंत त्यांना एकत्र न बोलावता पोहोचवायचे होते.

पडद्याकडे वळण

यावर सर्वत्र एकच उपाय योजला गेला. जे सांगता येण्याजोगे होते, ते पडद्यावर गेले. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘दीक्षा’ मंचावर ‘आयगॉट’ या नावाने कोविडविषयक अभ्यासक्रम खुले केले. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, स्वच्छता कर्मचारी, आशा सेविका अशा अनेक गटांसाठी ते होते.

शिक्षकांच्या बाबतीत हा बदल अधिक ठळकपणे दिसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेला ‘निष्ठा’ हा कार्यक्रम देशातील सुमारे ४२ लाख शिक्षकांना समोरासमोर प्रशिक्षण देण्यासाठी आखलेला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचे १८ घटकांत विभागलेले ऑनलाइन रूप आले. मध्य प्रदेशात ‘सीएम राइज’ या नावाने शिक्षकांचे डिजिटल प्रशिक्षण सुरू झाले. लहान अभ्यासक्रम ‘दीक्षा’वर ठेवायचे आणि त्यांचे दुवे व्हॉट्सॲप गटांतून पाठवायचे, अशी त्याची रीत होती. उदयनगरसारख्या ठिकाणच्या शिक्षकालाही जिल्ह्याच्या गावी न जाता ते पूर्ण करता येऊ लागले.

तात्पुरती वाटणारी ही सोय पुढे धोरण बनली. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२० रोजी ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी दिली. सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन प्रशिक्षणासाठी पाच वर्षांत ५१० कोटी ८६ लाख रुपये खर्च करण्याची ही योजना होती. सरकारी कर्मचाऱ्याने काय आणि केव्हा शिकावे, हे ठरविण्याचे मुख्य साधन आता संगणकीय मंच झाला.

लाभ कोणते?

या बदलाचे लाभ नाकारता येत नाहीत. पहिला लाभ वेळेच्या विभागणीचा. पूर्वी पाच दिवस सलग ऐकावे लागे आणि परतल्यावर त्यातील बरेचसे विस्मरणात जाई. लहान घटक कामाच्या मधल्या वेळेत ऐकता येतात व अडचण आली की पुन्हा उघडता येतात. दुसरा लाभ प्रवास वाचण्याचा. घर, लहान मूल किंवा आजारी माणूस सोडून निवासी प्रशिक्षणाला जाणे ज्या स्त्रियांना शक्य नव्हते, त्यांच्यासाठी हा अडसर दूर झाला. तिसरा लाभ समान मजकुराचा. प्रशिक्षकाकडून प्रशिक्षकाकडे जाताना पातळ होणारी माहिती सर्वांपर्यंत एकाच रूपात पोहोचू लागली.

तथापि, पडदा सर्वांच्या हाती नसतो. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, स्वतः वापरता येईल असा मोबाइल गोव्यातील ९१.२ टक्के स्त्रियांकडे होता. मध्य प्रदेशात हे प्रमाण ३८.५ टक्के इतकेच होते. हा आकडा कोणत्याही मोबाइलचा आहे, स्मार्टफोनचा नव्हे. त्यामुळे ‘अभ्यासक्रम उपलब्ध आहे’ या विधानाचा अर्थ पणजीत एक आणि उदयनगरात दुसराच होतो.

यावरचा एक उपाय महामारीच्या आधीच अस्तित्वात होता. आशा सेविकांसाठीची ‘मोबाइल अकॅडमी’ ही सेवा साध्या दूरध्वनीवरून चालते. तिला इंटरनेट लागत नाही. सेविकेने क्रमांक फिरवायचा, धडा ऐकायचा आणि कळ दाबून प्रश्नांची उत्तरे द्यायची. एकूण सुमारे २४० मिनिटांचा हा अभ्यासक्रम मध्य प्रदेशातही राबविला गेला. शिकणाऱ्याच्या हाती जे साधन खरोखर आहे, त्यावर शिक्षण बेतले तर ते दूरवर पोहोचते, हे त्यातून दिसते.

काय राहून गेले?

मायकल पोलान्यी या विचारवंताने १९६६ मध्ये मांडले की, माणसाला जेवढे येते तेवढे सारे त्याला शब्दांत सांगता येत नाही. मुरमाचा रंग पाहून बांधाची जागा ठरविणारा जाणकार, रुग्णाचा श्वास ऐकून डॉक्टरांना हाक मारणारी ज्येष्ठ परिचारिका, यंत्राच्या आवाजातील फरक ओळखणारा कामगार, यांच्याजवळ हे अबोल ज्ञान असते. ते अभ्यासक्रमात सहजी उतरत नाही. शेजारी उभे राहून, पाहून आणि चुकून ते हस्तगत करावे लागते.

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या अभ्यासकांनी १९९१ मधील आपल्या पुस्तकात अमेरिकेतील सुपरमार्केटमधील खाटकांचे उदाहरण दिले आहे. तेथे शिकाऊ मुलांना मांस वेष्टनात बांधण्याच्या कामाला लावले जाई. ही जागा अनुभवी कारागिरांच्या कापणीच्या जागेपासून वेगळी असे. मुले रोज कामावर येत, पण मुख्य काम त्यांच्या नजरेस पडत नसे, म्हणून ते शिकणेही होत नसे. शिकवण्याची इच्छा आणि शिकण्याची तयारी असूनही केवळ मांडणीमुळे शिक्षण अडू शकते, हा त्याचा बोध आहे.

महामारीने अनेक क्षेत्रांत नेमकी अशीच मांडणी निर्माण केली. २०२० आणि २०२१ मध्ये नोकरीला लागलेल्या कित्येक तरुणांनी पहिले वर्ष घरातून काढले. त्यांनी नेमून दिलेले काम केले, अभ्यासक्रम पूर्ण केले, प्रमाणपत्रेही मिळविली. मात्र ज्येष्ठ सहकारी नाराज ग्राहकाशी कसे बोलतो, चूक झाल्यावर वरिष्ठांना ती कशी सांगतो, कोणते काम आधी हाती घेतो, हे त्यांना दिसले नाही. पूर्वी हे शिक्षण कोणत्याही आदेशाविना, शेजारच्या टेबलावरून आपोआप मिळत असे. कोणत्याही नोंदवहीत त्याची नोंद नसल्याने ते हरवल्याचेही सहजी कोणाच्या ध्यानात आले नाही.

दोन्हींचा मेळ

ज्या ठिकाणी चूक परवडणारी नव्हती, तेथे मात्र केवळ पडद्यावर विसंबून कोणी राहिले नाही. संरक्षक पोशाख घालण्याची आणि उतरविण्याची रीत चित्रफितीतून सांगितली गेली. परंतु दूषित पोशाख उतरविताना हात चेहऱ्याकडे जातो की नाही, हे पाहण्यासाठी दुसरा माणूस समोर उभा ठेवण्याची शिस्त पाळावी लागली.

लसीकरणाची तयारी हे याचे सर्वांत मोठे उदाहरण ठरते. १६ जानेवारी २०२१ रोजी मोहीम सुरू होण्यापूर्वी राष्ट्रीय स्तरावर २,३६० प्रशिक्षक तयार करण्यात आले. त्यांच्यामार्फत राज्य, जिल्हा आणि तालुका पातळीवर सुमारे दोन लाख लसटोचकांचे प्रशिक्षण झाले. त्यानंतर डिसेंबरअखेर चार राज्यांत आणि २ जानेवारीला देशभर रंगीत तालीम घेण्यात आली. लस नव्हती, पण केंद्र खरे होते, नोंदणीची प्रणाली खरी होती आणि टोचणीनंतर निरीक्षणासाठी बसण्याची खोलीही खरी होती. सूचना वाचून न कळलेल्या अडचणी अशा तालमीत समोर येतात व त्या दूर करण्यास वेळ मिळतो.

या सर्व अनुभवाचे सार असे की, नियम, माहिती आणि कामाचा क्रम पडद्यावरून उत्तम शिकता येतो. अंदाज, हातोटी आणि वर्तन यांसाठी माणसाचा सहवास लागतो. पहिल्यासाठी वाचलेला वेळ दुसऱ्यासाठी वापरला, तर महामारीतून आलेली पद्धत जुन्यापेक्षा सरस ठरेल. तो वेळ केवळ खर्च वाचला म्हणून सोडून दिला, तर प्रमाणपत्रे वाढतील आणि कसब आटेल.

गोव्यासाठी अर्थ

गोव्यात पहिल्या तीन कोविड रुग्णांची नोंद २५ मार्च २०२० रोजी झाली आणि मडगावचे ईएसआय इस्पितळ कोविडसाठी वापरले गेले. तेथील कर्मचाऱ्यांना नवे काम करीत असतानाच ते शिकावे लागले. हा अनुभव राज्यातील प्रत्येक आस्थापनेला उपयोगी पडावा. गोव्याकडे मोबाइल आहेत, अंतरे कमी आहेत आणि ज्येष्ठ जाणकारही हाताशी आहेत. म्हणजेच दोन्ही प्रकारच्या शिक्षणाचा मेळ घालणे येथे उदयनगरपेक्षा कितीतरी सोपे आहे.

त्यासाठी प्रत्येक आस्थापनेला काही साध्या गोष्टी करता येतील. नव्या कर्मचाऱ्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम संपल्यावर त्याला ठरावीक काळ एका ज्येष्ठ सहकाऱ्याबरोबर काम द्यावे. शिकवण्यात गेलेला ज्येष्ठाचा वेळ हे त्याचे काम म्हणूनच मोजावे. अभ्यासक्रम पूर्ण झाला की नाही, याबरोबर काम जमते की नाही, हेही पाहावे. महामारीच्या दोन वर्षांत रुजू झालेल्यांना त्या काळात न मिळालेला सहवास आता मिळवून द्यावा. कारण तेच आज इतरांचे ज्येष्ठ होऊ लागले आहेत आणि जे त्यांनी पाहिलेच नाही, ते त्यांना पुढच्यांना दाखविता येणार नाही.